चूल बघून यावं

संध्याकाळचे साडेसात वाजले की परळ, विरार, नालासोपाऱ्याहून फोन सुरू होतात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कापडे, उमरठ, कुडपणच्या बाजूच्या वाड्यांमध्ये रेंज सगळीकडे मिळत नाही. म्हणून म्हातारी फोन घेऊन अंगणाच्या ठरलेल्या कोपऱ्यात येऊन बसते.

"जेवलीस काय?"

"जेवले."

"काय केलंवतंस?"

"भात केला, आमटी केली."

"गोळी घेतलीस?"

"घेतली रं. तू जेव."

मुलगा निर्धास्त होतो. वर्षभर, दोन वर्षं तो असाच निर्धास्त असतो. मग एका गणपतीला तो चार दिवस आधी येतो आणि घर आवरताना त्याला मिठाचे सहा पुडे सापडतात, एकही न फोडलेला. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या फळीवर जशाच्या तशा. भाताच्या टोपाला आतून काळा थर, एकदा करपल्याचा नव्हे, कितीतरी वेळा करपल्याचा. आणि आई दारात उभी राहून हसून विचारते, "कधी आलास?" तासाभरात तिसऱ्यांदा.

हे चित्र कुणा एका घरचं नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी, की हाताशी आलेला माणूस मुंबईला जातो आणि म्हातारी माणसं गावात राहतात. आधी गिरणी आणि गोदी होती, आता वॉचमनची नोकरी, कुरिअर, लहानसहान धंदे आहेत. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो. या दोन सणांमध्ये साधारण सहा-सहा महिन्यांचं अंतर असतं, आणि नेमक्या त्या अंतरात स्मृतिभ्रंश घरात शिरून स्थिरावतो.

फोनवर आई खोटं बोलत होती का? नाही. तिला जे विचारलं त्याचं जे उत्तर असायला हवं, ते तिने दिलं.

स्मृतिभ्रंशाच्या एका प्रमुख प्रकाराचं वैद्यकातलं पहिलं टिपण नेमकं इथेच येऊन थांबतं. 1901 च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. तिथले डॉक्टर अलोइस अल्झायमर तिच्यापुढे बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं लिहून ठेवत. ती जेवत असताना त्यांनी विचारलं, काय खाताय? ती म्हणाली, पालक. ताटात होतं डुकराचं मांस आणि फ्लॉवर. 1906 मध्ये ती वारली. त्याच वर्षी अल्झायमरांनी तिच्या मेंदूत आढळलेले बदल एका परिषदेत मांडले आणि 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला त्यांचं नाव दिलं. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ताट. अल्झायमरांनी फक्त उत्तर लिहून घेतलं असतं तर टिपणात राहिला असता नुसता पालक. त्यांनी ताटाकडेही पाहिलं.

स्मृतिभ्रंश म्हणजे एक आजार नव्हे, लक्षणांचं गाठोडं आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा प्रकार येतो, ज्याच्या मागे बहुतेकदा दुर्लक्षित रक्तदाब आणि मधुमेह असतो. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो. नवी आठवण रुजते ती तिथे. म्हणून सकाळची गोष्ट दुपारी जाते, पण पन्नास वर्षांपूर्वीची लावणी, सासूचा स्वभाव, विहिरीचं पाणी कुठल्या उन्हाळ्यात आटलं होतं, हे सगळं शाबूत असतं. आणखी एक गोष्ट बराच काळ शाबूत राहते, ती म्हणजे रीतभात. आलेल्याला "बसा" म्हणणं, "चहा टाकू का" विचारणं, "बरं हाय ना?" ला "बरं हाय" म्हणणं. ही आठवण नसते, ही अंगवळणी पडलेली सवय असते आणि ती मेंदूत दुसरीकडे राहते. त्यामुळे वाटेने जाणारा शेजारी दारातून विचारतो, दारातूनच उत्तर मिळतं आणि तो पुढे जातो. गावात चौकशी करणारी माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. चौकशी रोज होते. पण ती शब्दांची होते, आणि हा आजार शब्दांच्या आड लपून बसतो.

त्यातून आपल्याकडे त्याला नावंही अशी पडली आहेत की पुढचा विचारच खुंटावा. म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी. मध्येच कुणीतरी "बाहेरचं काही" सुचवतं. गोव्यात 2000 च्या आसपास डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गावांमध्ये याबद्दल लोकांशी बोलून पाहिलं, तेव्हाही हेच निघालं होतं. लक्षणं लोकांना नीट ठाऊक होती, पण तो आजार आहे असं कुणी मानत नव्हतं, वय म्हणूनच सोडून देत होते. वयामुळे चष्मा कुठे ठेवला ते विसरायला होतं, हे खरं. पण चष्मा कशासाठी असतो ते विसरायला होत नाही.

हे किती जणांना होतं? भारतातल्या सर्वांत मोठ्या पाहणीचा निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्यांत सुमारे 7.4 टक्के, म्हणजे देशात जवळपास 88 लाख माणसं. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. खेड्यात साधारण शंभरात आठ धरा. म्हणजे साठीपुढची दीडशे माणसं असलेल्या गावात बारा जण. पोलादपूरच्या कितीतरी गावांत पावसाळ्यातल्या दुपारी एवढीच म्हातारी मंडळी घरात असतात, आणि घरटी एकटी किंवा दुकटी असतात.

आता ओळखायचं कसं? शहरातल्या दवाखान्यात तारीख, वार, जिल्हा विचारतात, शंभरातून सात वजा करत जा म्हणतात, एक वाक्य लिहायला लावतात. ज्या बाईने आयुष्यात तारीख कधी वापरलीच नाही तिला आज कोणती तारीख विचारून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये 1990 च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांना हीच अडचण आली. त्यांनी निरक्षरांसाठी चाचणीच नव्याने बांधली. लिहा-वाचायचे प्रश्न काढले. "डोळे मिटा" असं लिहिलेला कागद दाखवण्याऐवजी परीक्षक म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. आपल्या भागात हेच आणखी घरगुती करता येईल. नक्षत्र कोणतं चालू आहे? लावणी झाली की व्हायची आहे? कोंबडा कितीला विकतात हल्ली? ज्या बाईने उभं आयुष्य मृग आणि आर्द्रा मोजत काढलं, ती भर श्रावणात "राब भाजायचाय" म्हणू लागली, तर तारखेपेक्षा ते लक्षण मोठं समजावं.

पण प्रश्नांपेक्षाही डोळ्यांनी जास्त कळतं, आणि इथला सगळा भर त्यावर आहे. दारातून न विचारता आत जावं. कोकणात शेजाऱ्याच्या माजघरात शिरायला परवानगी लागत नाही, ती सोय शहरात नाही. चूल बघावी. आज पेटली होती का, राख ताजी आहे का. गॅस असेल तर बटण नीट बंद आहे का आणि शेगडीभोवती जळकी फडकी आहेत का. टोपाचं बूड बघावं. हंड्यात पाणी किती आहे ते बघावं, कारण तहान लागल्याचं कळणं या आजारात मंदावतं. लुगडं कालचंच आहे का, परवाचंच आहे का. चोळी सैल झाली आहे का. वजनकाटा नसला तरी चोळी आणि बांगड्या वजन सांगतात. नखं. पायाला जखम. कपाळावर किंवा कोपरावर काळंनिळं. गोठ्यात शेरडं असतील तर त्यांच्यापुढे पाणी आहे का. हे मला फार बोलकं वाटतं, कारण ज्या बाईने स्वतः उपाशी राहून जनावराला पाणी दाखवलं तिच्या शेळ्या दुपारी तहानेने ओरडत असतील, तर तिला "बरी हायस ना?" विचारण्यात अर्थ उरत नाही.

औषधांच्या पट्ट्या मोजाव्यात. गोळ्या उरल्या तर काळजी असतेच, पण लवकर संपल्या तर जास्त काळजी असते. मधुमेहाची गोळी घेतलेली विसरून पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, आणि जेवायचं राहून गेलं, की साखर उतरून माणूस काही तासांत बेशुद्ध होतो. आठवड्याच्या गोळ्या एकदम हातात देऊ नयेत. रोजची पुडी शेजारच्या घरी ठेवावी आणि आपल्या समोर घ्यायला लावावी.

बघण्यावर एवढा भर देतोय तर महाडच्या मातीतलंच एक उदाहरण सांगायला हवं, जरा आडवळणाचं. 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरत होती आणि पुस्तकात उपाय सापडत नव्हता. बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसले. नाडी, घाम, श्वास, रक्तदाब तासातासाने टिपत गेले. मारतं ते हृदयावरचा परिणाम आहे, हे त्या टिपणांतून उलगडलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यांनी वापरलं, ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि दंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास होतं ते एकावर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्मृतिभ्रंशाला प्राझोसिनसारखं औषध नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना काही काळ थोडा आधार देतात, एवढंच. पण उशाशी बसून टिपायची पद्धत इथेही लागते.

ती सर्वांत जास्त लागते एका बाबतीत. स्मृतिभ्रंश हळू येतो, महिन्या-महिन्यांनी उतरतो. काल बोलणारा माणूस आज सकाळपासून असंबद्ध बोलतोय, रात्रभर जागा आहे, भिंतीवर माणसं दिसताहेत, किंवा उलट गुंगीत पडून आहे, तर ते आजार वाढल्याचं लक्षण समजू नये. जुनी माणसं याला "वात झाला" म्हणायची आणि हा शब्द चांगला आहे, तो जपून ठेवावा. या वातामागे बहुधा दुसरं काहीतरी असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, आठ दिवसांचा मलावरोध, नवं सुरू झालेलं औषध, पडून डोक्याला लागलेला मार. त्यावर उपचार होतात आणि त्याच दिवशी व्हायला हवेत. महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात नेताना "ती विसरतेच हो" असं सांगू नये. "परवापर्यंत अशी नव्हती" असं सांगावं. डॉक्टरची दिशा या एका वाक्याने बदलते. पण परवापर्यंत ती कशी होती, हे सांगायला परवा तिला कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

हळू येणाऱ्या विसरण्यातही सगळंच भरून न येणारं नसतं. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांचे मुखवटे तसेच दिसतात, म्हणून एकदा रक्ततपासणी करून घ्यावी. आणि कान बघावेत. ऐकू न येणारा माणूस उत्तरं चुकवतो, मग बोलणं टाळतो, मग लोक त्याच्याशी बोलणं टाळतात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं मांडली. त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. सोबत ही दयेची बाब आहे असं आपण समजतो. आयोगाने तिला रक्तदाब आणि साखरेच्या रांगेत बसवलं आहे.

तर मग सोबत कशी करायची? आधी काय करायचं नाही ते सांगतो. गणपतीत घरात माणसांची रीघ लागते आणि येणारा प्रत्येकजण म्हाताऱ्या माणसासमोर वाकून एकच प्रश्न विचारतो: "वळाखलंस काय मला?" प्रेमाने विचारतो. सगळे थांबून उत्तराची वाट बघतात. तिला येत नाही. कुणी हसतं, कुणी "अगं, असं काय, हा आपला धाकटा" म्हणतं, आणि तेवढ्यात पुढचा वाकतो. एका दिवसात पंधरा वेळा घरातल्या पोरासोरांसमोर नापास व्हायचं. चौथ्या दिवशी आजी आतल्या खोलीतून बाहेर येत नाही, आणि मग "आजी हल्ली माणसांत मिसळत नाही" असं ठरतं. त्यापेक्षा जाऊन बसावं आणि आपणच सांगावं: मी खालच्या आळीतला, अमक्याचा थोरला, तुझ्या हातचं बिरडं खाल्लेला. ओळख पटली तर पटली. नाही पटली तरी बिरड्यावर बोलता येतं.

दुसरं, खरंखोटं करू नये. तिन्हीसांजा झाल्या की पुष्कळ रुग्णांची तगमग वाढते. बाई उठून गाठोडं बांधते आणि म्हणते, घरी जायचंय. "अगं, हेच तुझं घर" असं कितीही सांगितलं तरी उपयोग नसतो, आणि मराठी माणसाला त्याचं कारण वेगळं सांगायला नको. लग्न होऊन आलेल्या बाईचं घर म्हणजे माहेर. तिला वाट वरंधची दिसत असते किंवा घाटापलीकडची. आईबाप जाऊन चाळीस वर्षं झाली हे तिला सांगितलं, तर ती ते पहिल्यांदाच ऐकते आणि पहिल्यांदाच रडते. उद्या पुन्हा पहिल्यांदाच. त्यापेक्षा माहेरचं विचारावं. कोण होतं, विहीर कुठे होती, मामा कधी न्यायला यायचे. बोलता बोलता दिवा लागतो, अंगणाला एक फेरी होते, गाठोडं विसरतं.

पुरुषांचं वेगळं असतं. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस पहाटे उठून बसतो, पहिल्या पाळीला उशीर होतोय म्हणतो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाने त्या गिरण्या गिळल्या, भोंगे बंद पडले, तिथे टॉवर उभे राहिले. पण तेव्हा पंचविशी-तिशीत असलेले कामगार आज सत्तरीच्या आसपास आहेत आणि त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यात भोंगा अजून वाजतो. त्याला "गिरणी कधीच बंद झाली" असं सांगायचं की "आज सुट्टी आहे, चहा घ्या" असं? मला दुसरं बरोबर वाटतं. हे खोटं बोलणं आहे असा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो घेणाऱ्यांनी पहाटे चार वाजता एकदा पहिलं करून बघावं.

तिसरं, हातांना काम द्यावं. बोलणं आटलं तरी हातांची आठवण टिकते. पोलादपूर-महाडकडे भाताच्या मागून वाल होतात, आणि भिजवून मोड आणलेले वाल सोलणं हे काम या माणसासाठीच निर्माण झालंय असं वाटावं इतकं योग्य आहे. चिमटीत धरायचं, दाबायचं, साल एकीकडे, डाळिंबी दुसरीकडे. हत्यार नाही, आग नाही, चुकलं तरी बिघडत नाही, आणि समोर बसून दुसऱ्याने तेच करत गप्पा मारता येतात. चिंच फोडणं, लसूण सोलणं, नाचणी निवडणं तसंच. भजनाचंही असंच आहे. गाण्याची आठवण मेंदूत पुष्कळ काळ तग धरते. नातवाचं नाव गेलेला माणूस हरिपाठाला बसला की टाळाचा ठेका चुकत नाही आणि अभंगाचं चरण तोंडून आपोआप येतं. गावात सप्ताह असेल तर त्याला मागे ठेवू नये, टाळ देऊन पुढे बसवावं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात हीच गोष्ट आहे. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित स्मृतिभ्रंशात हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या घरी पोचतात. माहुताची बायको कानडी बोलणारी, तिला ना त्यांची विद्वत्ता ठाऊक ना आजार. ती त्यांना लेकरासारखं जेवू घालते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढा विद्वान माणूस असा झाला याचं दुःख जवळच्यांना असतं. त्या बाईला ते नसतं, तिच्यापुढे एक भुकेला म्हातारा असतो. मुंबईच्या मुलापेक्षा वाडीतली लांबची चुलती कधीकधी जास्त चांगली सोबत करते, ती याचमुळे.

पण अशी चुलती रोज येईल हे गृहीत कसं धरायचं? त्यासाठी गोव्याकडे बघावं लागतं. तिथे डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन तालुक्यांतली 81 कुटुंबं होती. त्यांतल्या निम्म्यांकडे बारावीपर्यंत शिकलेल्या, आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने निदान पंधरवड्याला एकदा जात राहिल्या. त्यांनी काय केलं? आजार समजावून सांगितला, चिडणं-भटकणं कसं हाताळायचं ते सांगितलं, इतर नातेवाइकांना हातभार लावायला तयार केलं, आणि बसून ऐकलं. मागे एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ होते. सर्वांत स्पष्ट फरक पडला तो सांभाळणाऱ्यांच्या मनःस्थितीत. त्यांच्यावरचा ताण हलका झाला. रुग्ण बरा झाला नाही, तो होणारच नव्हता. पण घरातली सून, बायको किंवा लेक कोलमडली नाही, आणि रुग्णाचं सगळं तर तिच्यावरच उभं असतं. आपल्याकडे आलेला पाहुणा म्हाताऱ्याची विचारपूस करतो आणि सुनेच्या हातचा चहा पिऊन निघतो. त्याने चहा स्वतः करून तिला दोन तास झोपू दिलं, तर त्या घरावर जास्त उपकार होतील.

माणसं लागतील ती गावातच आहेत. आशाताई घरोघरी जातात. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ फॉर्म त्या भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला आहे. पण तो ज्याचा त्याला विचारून "नाय" लिहिलं तर फुकट आहे. तो शेजारणीला विचारावा. आशांवर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून आणखी एक ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवावं असं मी म्हणणार नाही. त्यांनी ओळखावं, रोजचं येणं दुसऱ्याने करावं. इथे मुंबईतली ग्रामस्थ मंडळं उपयोगी पडतील. वर्गणी काढून देवळाला कळस चढवणारी, शाळेला पत्रे घालणारी ही मंडळं आहेत. वाडीतल्या एखाद्या बाईला रोजच्या दोन फेऱ्यांचं मानधन देणं त्यांना जड नाही. मात्र ते उघड आणि ठरवून द्यावं. भावकीत "बघत जा हां जरा" एवढ्यावर सोडलेलं काम दुसऱ्या महिन्यात थांबतं आणि वर अबोला धरायला कारण होतं. अडलं तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची 14416 ही टेलिमानस या दोन्हींवर मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभर किलोमीटरच्या वर, म्हणून तिथे जायच्या आधी फोन करणं शहाणपणाचं.

सरकारही वर्षातून एकदा चौकशी करतं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठा उमटला की माणूस हयात. रेशन दुकानातही महिन्याला अंगठा लागतो, आणि खरं सांगायचं तर दुकानदाराला इतरांपेक्षा लवकर कळतं. धान्य नेलेली बाई तासाने पिशवी घेऊन पुन्हा येते.

एस.टी.च्या वाहकालाही अशी माणसं भेटतात. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला, ही योजना फार चांगली आहे. पण भरकटलेल्या माणसाला पूर्वी खिशात पैसे नसल्याने वाहक उतरवायचा, आता तसं होत नाही. पोलादपूरला बसलेले आजोबा महाडला उतरतील की पनवेलला, सांगता येत नाही. एक मात्र आहे, वाहक वयाचा पुरावा बघतोच. आधार कार्डाच्या पाठीमागे, प्लास्टिकच्या पाकिटात, एक चिठ्ठी ठेवावी: यांना विसरायला होतं, या नंबरवर कळवा. सदऱ्याच्या आतल्या खिशाला ते पाकीट शिवून टाकावं. नंबर शेजाऱ्याचा लिहावा, मुंबईच्या मुलाचा दुसरा.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरतं, वाड्यांच्या वाटा तुटतात, दोन-दोन दिवस वीज नसते. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि पोलादपुरात केवनाळे, सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. तेव्हापासून अतिवृष्टीचा इशारा आला की दरडीखालच्या वाड्या शाळेत हलवतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला शाळेतली गर्दी, ट्यूबलाइट, ओल्या माणसांचा गलका यांचा अर्थ लागत नाही. तो अंधारात उठून घराकडे चालू लागतो, आणि तो चालत असतो तो नेमका धोक्याकडे. म्हणून स्थलांतराच्या यादीत अशा माणसाच्या नावापुढे खूण हवी आणि त्याच्या हाताला एक ठरलेलं माणूस हवं. त्याचं घोंगडं, त्याचा तांब्या बरोबर घ्यावा. अनोळखी जागेत ओळखीची वस्तू हातात असली की माणूस टेकतो.

एक शेवटची अडचण राहते. वाडीतली बाई रोज येते, बसते, वाल सोलते, चूल बघते. रात्री मुंबईहून फोन येतो. "आज कोण आलं होतं?" आजी सांगते, "कोण येतंय माझ्याकडं? कोणीसुद्धा नाय." मुलगा बाईला फोन लावून जाब विचारतो आणि बाई दुसऱ्या दिवशीपासून येत नाही. आजीच्या लेखी खरंच कुणी आलेलं नसतं. पण येणं वाया गेलेलं नसतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. काय पाहिलं ते त्यांना थोड्याच वेळात आठवेना, भावना मात्र अर्ध्या तासानेही मनात रेंगाळत होती. कुणी आलं होतं हे गेलेलं असतं, बरं वाटणं मागे राहिलेलं असतं, आणि त्या बरं वाटण्यात ती संध्याकाळी दोन घास जास्त खाते.

त्या भांडणावरही उपाय आहे, तो भिंतीला टांगलेला आहे. दाराजवळच्या ‘कालनिर्णय’ला दोरीने पेन्सिल बांधावी आणि येणाऱ्याने त्या दिवसाच्या चौकोनात लिहावं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावं. "11 वाजता. चूल पेटलेली. भात केला, थोडा करपला. गोळी समोर घेतली. पायाला सूज." शिमग्याला मुलगा येतो तेव्हा त्याने पालखीच्या आधी ती पानं उलटून बघावीत, भाद्रपदापासून फाल्गुनापर्यंत, आणि डॉक्टरकडे जाताना गेल्या वर्षीचं आणि यंदाचं, दोन्ही कॅलेंडरं काखेत मारून न्यावीत.